उजवीकडचं दार

सोमवारी सकाळी यशोधननं गाडीचं उजवीकडचं दार उघडलं, आत बसला, पट्टा लावला आणि गाडी सुरू करायला हात पुढे केला, तर समोर स्टिअरिंग नव्हतं. डॅशबोर्डचा कप्पा होता. स्टिअरिंग डावीकडे, रिकाम्या सीटपुढे होतं. त्याचा उजवा पाय खाली रबराच्या मॅटवर दाबलेला होता, तिथे ब्रेक असल्यासारखा. जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला आल्यावर पहिले काही महिने ही चूक त्याच्याकडून सारखी व्हायची. मग कधीतरी ती बंद झाली होती, केव्हा ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. आज ती परत का झाली याचं कारण शोधायची गरज नव्हती. जिना उतरताना फोनवर फ्राऊ हिन्रिख्सचा निरोप आला होता. त्या त्याच्या विभागाच्या प्रमुख. कॉलिन ट्रेंट शनिवारी दुपारी घरामागच्या बागेत पानं गोळा करताना कोसळला, असं त्यांनी लिहिलं होतं. शेजाऱ्यांनी कुंपणावरून पाहिलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं. निरोपाच्या शेवटी नेहमीसारखं 'मित फ्रॉइंडलिशन ग्रूसन', म्हणजे 'सस्नेह नमस्कार', होतं. काच धुक्यानं पांढरी झाली होती. उतरायचं, बॉनेटला वळसा घालून पलीकडे जायचं, एवढंच काम होतं. कुत्रा घेऊन चाललेल्या शेजारणीनं आत वाकून पाहिलं, ड्रायव्हरच्या जागी कोणी नाही हे तिला दिसलं, तिनं मान हलवून गुड मॉर्निंग केलं आणि ती पुढे गेली. यशोधन तसाच बसून राहिला. त्याला डावीकडे बघायचं नव्हतं.

डावीकडे कॉलिन बसायचा. कंपनीत त्या दोघांकडे एकच काम होतं: ज्या देशांत गाड्या डाव्या बाजूनं चालतात तिथे जाणाऱ्या, उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्या चाचणीच्या रस्त्यावर फिरवायच्या आणि आत कुठे काय खडखडतं, कुठल्या वेगाला वारा कुठल्या फटीतून शीळ घालतो, ते मोजायचं. विभागातल्या बाकीच्यांना त्या गाड्या चालवताना रस्त्याच्या कडेचा अंदाज यायचा नाही. उजव्या सीटवर हात सरावलेले असे दोघंच, एक मिरजेचा मुलगा आणि एक इंग्रज. यशोधन चालवायचा. कॉलिन डावीकडे मांडीवर लॅपटॉप आणि कानाला हेडफोन लावून बसायचा, आणि मायक्रोफोन चालू असेपर्यंत दोघांनीही तोंडातून शब्द काढायचा नाही असा कामाचा नियम होता. आपण त्या माणसाच्या शेजारी किती तास बसलो असू, असा प्रश्न यशोधनच्या मनात आला, आणि त्यातले बहुतेक तास मुक्यानंच गेले होते हे आठवल्यावर तो आकडा काढावासा वाटला नाही. पहिल्याच दिवशी कंपनीच्या एका साध्या जर्मन गाडीतून ट्रॅकवर जायचं होतं. गाडी कोण चालवणार हे ठरलं नव्हतं, म्हणून भलेपणानं दोघंही चालवायला निघाले, आणि दोघंही चालत उजवीकडच्या दारापाशी, म्हणजे चुकीच्या दारापाशी, येऊन उभे राहिले. कॉलिन म्हणाला, "आफ्टर यू." यशोधन म्हणाला, "नो नो, आफ्टर यू." पाऊस पडत होता. शेवटी कॉलिननं काचेतून आत पाहिलं, स्टिअरिंग दुसरीकडे असल्याचं त्याला दिसलं, आणि त्यानं अगदी गंभीर चेहऱ्यानं गाडीचीच माफी मागितली. "इतकी वर्षं या देशात आहे," तो म्हणाला होता, "हात शिकले. पाय अजून दाराशी आले की इंग्लंडला जातात."

तो सैन्यातून आला होता. ब्रिटिश फौज जर्मनीत होती तेव्हा रणगाड्यांची इंजिनं दुरुस्त करायला विशीत त्सेलेच्या छावणीत आला. पलटण परत गेली, हा राहिला. एक जर्मन बायको होती, तिच्याबद्दल तो 'वाल्ट्राउटला ट्युलिप आवडायचे' यापलीकडे बोलला नव्हता. मग त्याच्या देशानं युरोपातून बाहेर पडायचं ठरवलं, आणि अर्धं आयुष्य इथे काढलेल्या कॉलिनला राहायचा हक्क आहे असं सांगणारं कार्ड काढायला परदेशी लोकांच्या कचेरीत यावं लागलं. त्या दिवशी यशोधनही व्हिसा वाढवायला तिथेच होता. हातात नंबराचा कागद घेऊन कॉलिन लाकडी बाकावर ताठ बसलेला, कोट-टाय घालून. "तू इथे?" यशोधन म्हणाला. "मीही फॉरेनर झालो," कॉलिन म्हणाला, "उशीर झाला, पण झालो." आणि मग आजूबाजूला बघून, आवाज खाली आणून: "रांग मात्र वाईट नाही हं. कोणी मध्ये घुसत नाही." लहानपणी इतिहासाच्या पुस्तकात भेटलेले इंग्रज आणि हा बाकावरचा माणूस यांचा मेळ यशोधनला कधीच घालता आला नव्हता. याला राज्य करणं तर सोडाच, वेटरला बोलवायलासुद्धा संकोच व्हायचा. कोणी त्याच्या पायावर पाय दिला तर 'सॉरी' हाच म्हणायचा. भारतीय माणूस म्हणून सगळे यशोधनशी क्रिकेट बोलायचे, इंग्रज माणूस म्हणून सगळे कॉलिनशी क्रिकेट बोलायचे, आणि दोघांनाही त्यात काडीचा रस नव्हता हे दोघांना एकमेकांबद्दल फार उशिरा कळलं.

ऑफिसात कॉलिनच्या टेबलावर कप होता. तळाशी चहाचा तपकिरी डाग. कोणी तो उचलला नव्हता, आणि दुपारी सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये एक निमंत्रण आलं: ट्राउअरफायर, म्हणजे शोकसभा, ट्रेंट, जंगलाजवळच्या स्मशानभूमीतलं प्रार्थनागृह, आणि तारीख जवळजवळ तीन आठवड्यांनंतरची. खाली दोन बटणं, येणार, येणार नाही. यशोधननं पहिलं बटण दाबलं आणि मग त्या तारखेकडे बघत राहिला. म्हणजे तोपर्यंत कॉलिन कुठे असणार? यशोधनचं शिक्षण त्याला अशा वेळी सोडत नाही. कुठल्या तापमानाला, कुठल्या तऱ्हेच्या कप्प्यात, दार लावल्यावर आत कॉम्प्रेसरचा किती आवाज येत असेल, हे सगळं त्याच्या डोक्यात क्रमानं आलं. शेवटी त्याला जे वाटलं ते दुःख नव्हतं. तो हेवा होता, आणि तो हेवाच आहे हे ओळखल्यावर त्याला स्वतःची किळस आली. कॉलिनसाठी सगळे थांबणार होते. निमंत्रणात लिहिलं होतं, त्याच्या इंग्लंडमधल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, ती चालायला लागेपर्यंत. भाच्यांना शाळेची सुट्टी मिळेपर्यंत. यशोधनच्या बाबांसाठी दुपारपर्यंतही कोणी थांबलं नव्हतं.

बाबा, आत्माराम, मिरजेला एसटीच्या डेपोत हिशेबनीस होते. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी अंघोळीला जाताना गेले. यशोधन तिकीट शोधत होता तेव्हाच चुलतभावाचा, कपिलचा, फोन आला: दादा, निघतायत, व्हिडिओ लावतो, बघ. कपिलनं फोन उंच धरला होता. आधी माणसांच्या पाठी दिसल्या, मग मोहनकाकांच्या खांद्यावरचा टॉवेल, मग चित्र थिजलं. थिजलेल्या चित्रात अर्धी चौकट कपिलच्या अंगठ्यानं भरलेली होती. आवाज तेवढा चालू राहिला. आवाज मोजणं हाच यशोधनचा धंदा. त्यानं लाकडं रचल्याचा आवाज ओळखला, तुपाच्या डब्याचं झाकण ओळखलं, आणि नंतर तो सगळ्या आवाजांवर पसरत गेलेला रुंद, एकसारखा आवाजही ओळखला. तो अंगठ्याकडे बघत होता. रडू आलं नाही. नंतर मिरजेला जाऊन तेरावा केला, तेव्हाही आलं नाही. परत येऊन कामाला लागला, तेव्हाही नाही. घरातून एक माणूस कमी झाला, असणं आणि नसणं यांच्या मध्ये पायरी नव्हती.

तेव्हा कॉलिननं काय केलं होतं? यशोधननं त्याला सांगितलं, माझे वडील गेले. कॉलिन उभा राहिला. "आय ॲम सो सॉरी, यश," म्हणाला, आणि मग खिडकीबाहेर बघायला लागला. कंपनीच्या वीजघराच्या चार धुराड्यांमागे ढग जरा फाटले होते. "उघडतंय बहुतेक," तो म्हणाला, आणि चहा करायला गेला. पिशवीचा चहा, वर गार दूध. यशोधनला तेव्हा त्याचा राग आला होता. कसे गेले, वय काय होतं, आई कशी आहे, एकटी आहे का, एक प्रश्न नाही. मिरजेत अनोळखी रिक्षावाल्यानंसुद्धा विचारलं असतं. त्यानंतर वडिलांचा विषय कॉलिननं कधीही काढला नाही. रोज सकाळी मात्र न विचारता एक कप यशोधनच्या टेबलावर येत राहिला.

मॉरीनचा फोन बुधवारी आला. कॉलिनची धाकटी बहीण, लिंकनशरमधल्या गावात राहणारी. नंबर तिला फ्राऊ हिन्रिख्सनी दिला होता. "यश ना? तुझ्याबद्दल ऐकलंय, लव्ह. तो दर रविवारी फोन करायचा. हवामान सांगायचा, आणि मग तुझं." यशोधन म्हणाला, "माझं काय?" "अरे, काय काय. तू डबा आणतोस, तुझ्या डब्याच्या वासानं त्याचा टायसुद्धा जेवून यायचा म्हणे." ती हसली, आणि हसू ओसरायच्या आत तिनं कामाचं काढलं. कोणीतरी चार शब्द बोलायला हवेत. पाद्री त्याला ओळखत नाही, तिला स्वतःला उभं राहवणार नाही. "तू बोल. पाच मिनिटं. आणि हे बघ, रडवायचं नाही कोणाला. हसवायचं. लोक हसले नाहीत तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल."

हसवायचं. त्यानं हे अश्लेषाला सांगितलं. ती सांगलीची, इंजिन विभागात, दुपारी त्याच्याच टेबलावर जेवायची. तिनं घास तसाच धरून ठेवला. "अरे, श्रद्धांजली आहे की स्टँडअप?"

"त्यांच्यात तसंच असतं म्हणे. गेलेल्या माणसाचे किस्से सांगायचे. मग सँडविच खायची."

"आणि तू सांगणार? तू? तुला साधा जोक फॉरवर्ड करता येत नाही, खाली स्पष्टीकरण लिहितोस."

"म्हणून तर विचारतोय."

"नाही म्हणून सांग सरळ. जर्मन काय हसणार आहेत? गेनाऊ म्हणतील फार तर, अगदी बरोबर म्हणून." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिनं घास खाली ठेवला. "यशोधन, तू ठीक आहेस ना? बाबांच्या वेळी पण तू असाच होतास. अगदी व्यवस्थित." तो म्हणाला, "भाजी छान झालीय." आणि म्हणताक्षणी त्याच्या लक्षात आलं, की हे तर 'उघडतंय बहुतेक' आहे.

दिवस जात राहिले आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काही जमेना. ट्रॅकवर त्याच्याबरोबर आता एक नवा मुलगा बसायचा, तो मापं घेऊन झाली की लगेच पट्टा काढायचा. यशोधन गाडी चालवताना आठवत राही. कॉलिनचं घर त्यानं आतून पाहिलं नव्हतं. त्याचं वय त्याला निरोपातून कळलं. कोणाला मत दिलं असतं, देव मानायचा का, एकटेपणाचं काय करायचा, काही माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की तो एका अगदी खालच्या श्रेणीतल्या, कायम हरणाऱ्या फुटबॉल संघाचा चाहता होता, आणि संघ जिंकला की अस्वस्थ व्हायचा. एवढ्यावर पाच मिनिटं कशी उभी राहणार? नाही म्हणायला त्यानं दोनदा फोन हातात घेतला. पण मग वाटायचं, की एकाच्या वेळी आपण अंगठा बघत राहिलो. दुसऱ्याच्या वेळी सगळे आपली वाट बघतायत, आणि आपण तोंड उघडलं नाही, तर यापुढे कोणाच्याच वेळी ते उघडणार नाही. ही भीती त्याला कामाच्या भाषेतच कळत होती. एखाद्या भागातून मुळीच आवाज येईनासा झाला, की तो भाग चांगला आहे असं आपण धरून चालतो. कधीकधी तो निखळून पडलेला असतो.

रविवारी आईला फोन केला. वसुधाबाई दुपारच्या झोपेतून उठून चहा घेत होत्या. त्यानं सांगितलं, अजून झालं नाही, पुढच्या आठवड्यात आहे. "तीन आठवडे? असं कसं रे ठेवतात माणसाला?" "वाट बघतात, आई. सगळ्यांना यायला मिळावं म्हणून." तिकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. मग आई म्हणाली, "तुझ्यासाठी थांबायला हवं होतं का आम्ही?" "तसं म्हणत नाहीये मी." "मोहनभावजी विचारत होते मला. बर्फ आणू या, एक दिवस ठेवू या, यशोधन येईल. मीच नको म्हटलं. असे अंगणात, चटईवर... मला बघवेना रे." त्याला हे माहीत नव्हतं. आपल्याला राग यायला हवा होता, असं त्याला वाटलं, पण आला तो वेगळाच काहीतरी दाब, छातीच्या मध्यभागी, हात ठेवून दाखवता येईल असा. "बरोबर केलंस," तो म्हणाला. आणि मग, "इकडे थंडी पडलीय." आईनं लगेच विचारलं, "स्वेटर घालतोस ना?" दोघंही त्या स्वेटरपाशी थांबले.

प्रार्थनागृहात लाकडाचा आणि ओल्या कोटांचा वास होता. माणसं मोजकीच: विभागातले सातआठ जण काळ्या कपड्यांत, हात मांडीवर; शेजारी जोडपं; पुढच्या रांगेत मॉरीन, काठी आणि हिरवी टोपी घेऊन, बाजूला तिच्या दोन उंच मुली. दहन दोन दिवसांपूर्वी झालं होतं, आणि आता कॉलिन एका छोट्या कलशात होता. पाद्रीनं जर्मनमध्ये थोडं वाचलं, मग यशोधनकडे पाहून मान हलवली. तो उभा राहिला. दाराचा किस्सा त्यानं लिहून आणला होता, तो इंग्रजीत सांगितला. पाऊस, आफ्टर यू, नो नो आफ्टर यू, गाडीची मागितलेली माफी. कोणी हसलं नाही. जर्मन चेहरे अत्यंत आदरानं त्याच्याकडे बघत होते. मॉरीनच्या नाकातून एक बारीक आवाज आला, एवढंच. कागदावर पुढे फुटबॉलचं होतं. त्यानं कागदाकडे पाहिलं, आणि ते वाचण्याऐवजी तो म्हणाला, "माझे वडील गेले तेव्हा कॉलिननं मला काहीच विचारलं नाही." आता थांबता येणार नव्हतं. "आम्ही ट्रॅकवर जायचो. मोजमाप चालू असताना बोलायचं नसतं. फेरी संपली की तो स्क्रीनकडे बघून म्हणायचा, रीडिंग बरोबर आलं नाही, अजून एक घेऊ. मग अजून एक. रोज. कितीतरी आठवडे. दोघं गप्प, आणि मी चालवतोय. रीडिंग..." त्यानं कागद खाली घेतला. "रीडिंग उत्तम होती. मला स्क्रीन दिसत होता. मला दिसतोय हे त्याला माहीत होतं."

आणि मग दुसऱ्या रांगेतून फ्राऊ हिन्रिख्स, कधीही कोणाचं बोलणं न तोडणाऱ्या, मोठ्यानं म्हणाल्या, "आख, देशहाल्ब!" म्हणजे, अच्छा, म्हणून होय! "त्या वर्षी ट्रॅकचं बुकिंग दुप्पट का झालं, म्हणून मी त्याला तीन वेळा विचारलं! म्हणाला, दाराचं रबर खराब आहे!" त्यांनी हात तोंडावर नेला. कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या रबराचा पुरवठा करणाऱ्यांना रागाची मेल पाठवलेला क्लाउस, एरवी जेवतानाही न हसणारा, खांदे हलवायला लागला, आणि मग सगळी रांगच हसायला लागली. मॉरीन हिरवी टोपी धरून सगळ्यांत मोठ्यानं. यशोधन कागद हातात घेऊन उभा होता. पाच मिनिटं झाली असतील की नाही, कोण जाणे. तो म्हणाला, "थँक यू," आणि बसला.

नंतर शेजारच्या खोलीत कॉफी होती, आणि मॉरीननं हॉटेलच्या खोलीत बसून केलेली, कडा कापलेली तिकोनी काकडीची सँडविच होती. जर्मन ती काट्यानं खात होते. मुली कलशाच्या कागदपत्रांसाठी मागे राहिल्या, आणि मॉरीनला हॉटेलवर सोडायचं काम यशोधनकडे आलं. बाहेर झिमझिम होती. "चल, लव्ह," म्हणत ती काठी टेकत गाडीकडे निघाली, यशोधन दुसऱ्या बाजूनं. दोघांनी दारं उघडली, बसले, दारं लावली. मग मॉरीन म्हणाली, "ओ, ब्लडी हेल."

ती स्टिअरिंगमागे बसली होती. तिच्या गावी सोबतीला बसणारा माणूस ज्या बाजूनं चढतो, त्या बाजूनं. आणि यशोधन उजवीकडे, कप्प्यापुढे. ती हसायला लागली, तोही. पण उतरून जागा बदलायला दोघंही हलले नाहीत. तिचा गुडघा दुखत होता. पाऊस टपावर फार हळू, एकसारखा वाजत होता. तिनं हातमोजे काढले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या ओल्या झाडांकडे बघत राहिली. आता ती हवामानाचं काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं.

"कसे होते तुझे वडील?" तिनं विचारलं.

हा प्रश्न त्याला दोन वर्षांत कोणी विचारला नव्हता. ते गेले कसे, हेच सगळे विचारायचे. त्यानं डावीकडे पाहिलं. त्या सीटवर कोणीतरी होतं. "बाबांना गाडी चालवता यायची नाही," तो म्हणाला, "पण मला त्यांनीच शिकवली." मॉरीन त्याच्याकडे वळली. "एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर. शेजाऱ्यांची जुनी मारुती मागून आणायचे, पेट्रोल भरून परत द्यायचे. मी उजवीकडे, ते डावीकडे, हातात पुस्तक. एसटीच्या ड्रायव्हरांचं नियमांचं पुस्तक. त्यातून वाचून सूचना द्यायचे. प्रवासी चढले आहेत याची खात्री करा. घंटी ऐकल्याशिवाय निघू नका." मॉरीनचे ओठ हलायला लागले. "घंटी नव्हती. मग ते तोंडानं वाजवायचे. टिंग टिंग. त्याशिवाय मला गाडी हलवू द्यायचे नाहीत. आणि एखादं कुत्रं आडवं आलं, की ओरडायचे नाहीत, आपल्या बाजूला खाली जोरात पाय दाबायचे. तिथे काहीच नसायचं. नुसती मॅट. मी ब्रेक लावला, की त्यांना वाटायचं त्यांनीच लावला. घाम पुसून म्हणायचे, बघ, वेळेवर दाबला म्हणून वाचलं."

मॉरीन डोकं मागे टाकून हसत होती. तिचा हात घसरून हॉर्न वाजला, तशी ती दचकली. पार्किंगमधल्या काळ्या कोटांनी वळून पाहिलं. यशोधनलाही हसू येत होतं, आणि त्याच हसण्यात काहीतरी सुटून गेलं, घशातून, आवाज करत. तो तोंड झाकून घेण्याच्या बेतात होता, पण मॉरीननं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती ताठ बसली, स्टिअरिंग नीट दोन्ही हातांत धरलं, समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "टिंग टिंग," आणि बंद गाडी चालवत राहिली. त्यानं डोळ्यांवरचा हात काढला, तेव्हा त्याला खाली आपला पाय दिसला. तो मॅटवर घट्ट दाबलेला होता.